गोळी ओतणे : शिशाच्या घरगुती ओतकामाची मराठी परिभाषा

शस्त्रास्त्रांच्या इतिहासाकडे इतिहाससंशोधकांचे लक्ष पुष्कळ गेले आहे. परंतु त्या शस्त्रांबरोबर भाषेत जे शब्द आले, अथवा आधीपासून असलेल्या ज्या शब्दांनी नव्या वस्तूंची नावे धारण केली, त्यांचा विचार त्या मानाने थोडा झाला. बंदुकीची शिशाची गोळी घरच्या चुलीवर किंवा छावणीतील शेकोटीवर ओतण्याचे काम हे या दृष्टीने एक बोधप्रद उदाहरण आहे. हे काम लहान, साधने चार-सहा, आणि त्यासाठी वापरले जाणारे शब्दही मोजकेच. परंतु या मोजक्या शब्दांत देशी कोणते व परके कोणते हे पाहिले असता तंत्रविद्येचा प्रवास भाषेत कसा उमटतो याचे स्वच्छ चित्र मिळते. प्रस्तुत लेखात प्रथम त्या कृतीचा, नंतर तिच्या शब्दांचा, आणि शेवटी या शब्दांच्या अभ्यासाचे व्यावहारिक महत्त्व काय याचा विचार करावयाचा आहे.

१. कृती

शिसे घरी ओतता येते याचे कारण त्याच्या गुणधर्मात आहे. लोखंड वितळण्यास सुमारे १५३८ अंश सेल्सिअस आणि तांबे वितळण्यास १०८५ अंश तापमान लागते. त्यासाठी भाता, भट्टी व कसलेला कारागीर यांची गरज असते. शिसे मात्र ३२७ अंशांवर पातळ होते. साध्या लाकडाच्या किंवा कोळशाच्या विस्तवावर, लोखंडी भांड्यात, ते सहज वितळते. त्यामुळे तोफेचा गोळा हा कारखान्याचा विषय राहिला, तर बंदुकीची गोळी ही शिपायाच्या हातची वस्तू होऊ शकली. जुन्या बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या नसत. प्रत्येक नळीचा व्यास थोडाबहुत वेगळा असे, आणि म्हणून तिच्याजोगी गोळी पाडणारा साचा बंदुकीबरोबर बाळगावा लागे. ज्याची बंदूक त्याचा साचा, असा हा व्यवहार होता.

कृतीचे टप्पे असे. लोखंडी भांड्यात शिसे आटवावयाचे. ते पातळ झाले म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर करड्या रंगाची साय धरते. ती मळी होय. मेणाचा किंवा चरबीचा लहानसा तुकडा टाकून ढवळल्यास मळीत अडकलेले शुद्ध शिसे पुन्हा रसात उतरते व उरलेली मळी पळीने काढून टाकता येते. साचा दोन अर्धुकांचा, चिमट्यासारखा उघडमीट होणारा असतो. तो आधी तापवून घ्यावा लागतो. थंड साच्यात ओतलेला रस भिंतीला लागताच थिजतो आणि गोळी सुरकुतलेली निघते. रस ओतून तो थिजला की साचा उघडावयाचा, तोंडाशी राहिलेला जादा देठ कापावयाचा आणि गोळी नळीत उतरते की नाही हे पाहावयाचे. शिसे थिजताना आकसते. म्हणून रस तुटकपणे ओतल्यास गोळीच्या पोटात पोकळी राहते. अशी गोळी वजनात कमी भरते व नेम चुकवते. ती पुन्हा भांड्यात जाते. या कामात वाया काही जात नाही, ही त्याची एक सोय होती.

बारीक छऱ्यांची रीत याहून निराळी. १७८२ मध्ये ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स याने उंच मनोऱ्यावरून चाळणीतून शिशाचा रस खाली पाण्यात सोडण्याच्या पद्धतीचा एकस्वाधिकार मिळविला. पडत असता थेंब आपोआप गोल होतात. बुंदी पाडण्याशी या क्रियेचे साम्य स्पष्ट आहे. साच्यातील गोळीला आकार बाहेरून मिळतो, तर छऱ्याला तो पृष्ठताणामुळे स्वतःच प्राप्त होतो.

२. देशी शब्दांचा थर

या वर्णनातील मुख्य शब्द पाहावे : शिसे, रस, मळी, पळी, साचा, मूस, आटवणे, ओतणे, गोळी. यांतील एकही शब्द बंदुकीबरोबर आलेला नाही.

‘शिसे’ हा शब्द संस्कृत ‘सीस’ यापासून आला. आद्य सकार इकारापूर्वी असता मराठीत त्याचा तालव्य शकार होतो, हा नियम ‘सीव्यति’-‘शिवणे’, ‘सिध्यति’-‘शिजणे’ या जोड्यांत दिसतो. ‘शिसे’ या शब्दाने हा नियम पाळलेला आहे. म्हणजेच तो मराठीच्या जडणघडणीच्या काळापासून लोकांच्या तोंडी असलेला तद्भव शब्द होय. वाजसनेयी संहितेतील धातूंच्या यादीत सीस व त्रपु, म्हणजे शिसे व कथील, हे दोन्ही वेगळे सांगितलेले आहेत. ‘कथील’ शब्दाचा संबंध संस्कृत ‘कस्तीर’ व ग्रीक ‘कासितेरोस’ यांच्याशी आहे.

‘आटवणे’ हे क्रियापद ‘आवर्त’ या धातुरूपाशी संबद्ध आहे. दूध आटवताना ते कमी होते; सोने आटवताना ते पातळ होते. दोन्ही क्रियांत विस्तवावर ठेवून स्थिती पालटणे हा अर्थ समान आहे. ‘मूस’ म्हणजे संस्कृत ‘मूषा’, धातू वितळविण्याचे भांडे. ‘साचा’ म्हणजे ‘संचक’, आकार देणारे पोकळ उपकरण. कारागिराच्या दृष्टीने ही दोन निराळी साधने आहेत. सामान्य व्यवहारात मात्र त्यांची सरमिसळ झाली असून ‘एकाच मुशीत घडलेले’ असा प्रयोग शिष्ट लेखनातही आढळतो. वस्तुतः मुशीत काही घडत नाही. तेथे धातूचा रस होतो, आणि तो साच्यात ओतला जातो.

घडणे व ओतणे हा भेद मराठीत फार काटेकोर होता. ‘घडीव’ आणि ‘ओतीव’ ही विशेषणे, तसेच जातिव्यवसायांची नावे, हा भेद जतन करून आहेत. तांबट पत्रा ठोकून भांडे घडवितो; पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. ओतारी रस ओतून वस्तू तयार करतो. बंदुकीची नळी घडीव आणि तिची गोळी ओतीव. एकाच शस्त्राचे दोन भाग दोन निरनिराळ्या क्रियापदांच्या कक्षेत येतात.

‘गोळी’ हा शब्द ‘गोळा’ या शब्दाचे स्त्रीलिंगी लघुरूप आहे. डबा-डबी, सुरा-सुरी यांप्रमाणे मराठीत लिंगभेदाने आकारभेद दर्शविला जातो. तोफेचा गोळा आणि बंदुकीची गोळी हा भेद करण्यासाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही. व्याकरणातच त्याची तरतूद होती.

३. परक्या शब्दांचा थर

याउलट शस्त्रे व दारू यांची नावे पाहावी. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ यापासून आला. त्याचा मूळ अर्थ एका जातीचे कठीण कवचाचे लहान फळ. त्यावरून लहान गोटी अथवा गोळी, आणि पुढे ती गोळी फेकणारे हत्यार, असा अर्थविस्तार झाला. ‘तोफ’ हा शब्द तुर्की ‘टोप’ यावरून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ चेंडू असाही आहे. म्हणजे ज्या दोन शस्त्रांची नावे मराठीने स्वीकारली, ती दोन्ही मुळात गोळीची किंवा गोळ्याची नावे आहेत. फ्रेंच भाषेत ‘बूल’ म्हणजे गोळा आणि ‘बुलेट’ म्हणजे लहान गोळा. इंग्रजीतील गोळीवाचक शब्द त्यावरूनच आला. येथे लघुत्वाची तीच प्रक्रिया दिसते, जी ‘गोळा-गोळी’ या जोडीत आहे.

‘दारू’ हा फारसी शब्द मूळचा औषधवाचक आहे. त्याला मराठीत मद्य आणि स्फोटक चूर्ण असे दोन अर्थ प्राप्त झाले. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला ‘अग्निऔषध’ अशा अर्थाचा शब्द आहे. मराठीत ‘गोळी’ हा शब्द वैद्याच्या व्यवहारातही चालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘दारूगोळी’ या जोडशब्दाचे दोन्ही अवयव औषधाच्या पेटीत शोभण्यासारखे आहेत, असे दिसून येईल. ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. दारू व गोळी एकत्र बांधलेले काडतूस तयार मिळू लागले, तेव्हा गोळीचे घरगुती ओतकाम हळूहळू मागे पडणे क्रमप्राप्तच होते.

येथे एक निष्कर्ष काढता येतो. जे बाहेरून आले त्याचे नाव बाहेरचे राहिले, आणि जे येथल्या हाताने केले त्याचे क्रियापद येथलेच राहिले. शिसे हा पदार्थदेखील महाराष्ट्रात मुबलक नव्हता. तो बव्हंशी व्यापारातून येई. १६७३ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा व बंदुकांसाठी शिसे खरेदी केल्याची नोंद इंग्रजी साधनांत आढळते. परंतु शिशाची ओळख जुनी असल्यामुळे विकत आलेल्या मालालाही देशी नाव पुरले. माल परका की देशी, यापेक्षा ओळख नवी की जुनी, यावर शब्दाची निवड अवलंबून असते.

४. माप व नाव

‘बारा बोअरची बंदूक’ हा प्रयोग ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतो. यातील ‘बारा’ हा अंक इंचांचा किंवा मिलिमीटरांचा नाही. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या ओतल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरास ११.३४ ग्रॅम धरल्यास या गोळीचे घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर व व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. हेच गणित चोवीस बोअरसाठी केल्यास व्यास सुमारे १४.७ मिलिमीटर येतो. अंक वाढला की नळी लहान होते, ही वरकरणी विपरीत दिसणारी गोष्ट अशा रीतीने उलगडते. नळीचे माप गोळीच्या वजनावरून ठरले, कारण ओतणाऱ्याच्या हाती तराजू होता. नळीच्या आतील व्यास अचूक मोजणारे उपकरण त्याच्यापाशी नव्हते. ओतकाम लोपले, परंतु त्याचा हिशेब शब्दात टिकून राहिला.

५. कात्रज : स्थल, वाक्प्रचार आणि जलवाहिनी

स्थलनामांच्या बाबतीत संशोधकाला सावध राहावे लागते. पेशवाईत १७६५-६६ मध्ये आंबेगाव येथे, व १७६९-७० मध्ये पुणे येथे तोफगोळ्यांचे कारखाने निघाल्याचे सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात नमूद केले आहे. कात्रजलगत आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही गावे असल्याने हा कारखाना तेथेच होता असा समज होण्याचा संभव आहे. परंतु मूळ उल्लेख जुन्नर प्रांतातील आंबेगावचा आहे. नामसादृश्य हा पुरावा होऊ शकत नाही.

कात्रजने मराठी भाषेला जे दिले ते वेगळ्या स्वरूपाचे आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघून गेले, आणि पाठलाग करणाऱ्यांची दिशाभूल व्हावी म्हणून कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते पेटविण्यात आले, अशी परंपरागत कथा आहे. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार तिच्याशी जोडला जातो. त्या काळच्या बंदुका तोड्याच्या होत्या, म्हणजे पेटत्या दोरीने त्यांना बत्ती द्यावी लागे. रात्रीच्या अंधारात हलणारे अग्निबिंदू हे सशस्त्र जमावाचे चिन्ह मानले जाणे अशा काळी स्वाभाविक होते. ही कथा श्रोत्यांना का पटली असावी, याचा उलगडा करताना ही पार्श्वभूमी विचारात घेण्याजोगी आहे.

कात्रजचा दुसरा दाखला शिशाच्या अभावाचा आहे. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लुंबुम’ म्हणतात. रोमन लोक पाण्याच्या नळ्या शिशाच्या करीत. त्यावरून इंग्रजीत नळकाम करणाऱ्यास ‘प्लंबर’ हे नाव मिळाले. भिंतीचा उभेपणा तपासण्याच्या दोरीसही तेथे शिशावरूनच नाव पडले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी पुणे शहरात आणले गेले ते दगडी बांधकामाच्या भुयारी नळातून. मराठीत पाण्याच्या कामाशी शिशाचा संबंध जुळला नाही. गवंड्याच्या दोरीलाही मराठीने ‘ओळंबा’ म्हटले. हा शब्द ‘अवलंब’ म्हणजे लोंबणे यावरून आला आहे. एका भाषेने द्रव्य पाहिले, दुसरीने क्रिया पाहिली.

६. शब्दांवरून कालनिर्णय

शिशाच्या गोळीने संस्कृत ग्रंथांच्या कालनिर्णयातही भाग घेतला आहे. शुक्रनीतीत लहान नळीच्या शस्त्रासाठी शिशाच्या गोळीचा उल्लेख येतो. गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० मध्ये अशा उल्लेखांच्या आधारे प्राचीन भारतात बंदुका होत्या असे प्रतिपादन केले. पुढे १९६२ मध्ये लल्लनजी गोपाल यांनी शुक्रनीती हा एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ असल्याचे मत मांडले. अथर्ववेदात शिशाने शत्रूला विंधण्याची भाषा आहे. परंतु तेथे शिसे हे अभिचारनिवारक द्रव्य म्हणून आले आहे. क्रियापदाचा अर्थ मिळाला म्हणून वस्तू सिद्ध होत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी शोभेची दारू व बंदुका यांच्या इतिहासावर जे लेखन केले, त्यात दिनांकित साधनांवर दिलेला भर या कारणासाठी अनुकरणीय आहे.

याच ठिकाणी आणखी एक उल्लेख आवश्यक आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे ओतावे, असे धर्मशास्त्राचे वचन असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. गौतम धर्मसूत्रात शब्द आहेत ते त्रपु व जतु, म्हणजे कथील व लाख. लोकस्मृतीने कथिलाच्या जागी शिसे आणले. पाठ अचूक सांगणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. धातू बदलल्याने त्या वचनातील क्रौर्य तिळमात्र कमी होत नाही, हे सांगणे हेही त्याचेच कर्तव्य आहे.

७. क्रियापदाचा लोप

खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. यांत्रिक उत्पादनात लष्करी गोळीचा शिशाचा गाभा दाबून आकारला जातो व त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढविले जाते. अशा गोळीच्या संदर्भात ‘ओतणे’ हे क्रियापद अर्थहीन ठरते. त्याची जागा ‘तयार करणे’, ‘निर्माण करणे’ या सामान्य क्रियापदांनी घेतली. कृती घरातून गेली तसे क्रियापदही गेले. आज १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे गोळीचे ओतकाम हा घरगुती छंदाचा विषय भारतात राहिलेला नाही.

‘ओतणे’ मात्र शिशाच्या दुसऱ्या एका धंद्यात प्रतिष्ठा पावले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत अक्षरांचे खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. खिळ्यांचा धातू शिसे, कथील व अँटिमनी यांचा असे. गोळी कठीण करण्यासाठीही शिशात हेच धातू मिसळतात. मराठी ग्रंथांच्या कित्येक पिढ्या या ओतीव शिशातून छापल्या गेल्या. आता तो धंदाही जवळजवळ संपला आहे.

८. परिभाषेची जबाबदारी

मग या शब्दांचा संग्रह करण्याचे प्रयोजन केवळ कोशाची भर एवढेच आहे काय? तसे म्हणता येणार नाही. शिसे घरी आटविण्याचे काम अजून थांबलेले नाही. मासेमारीच्या जाळ्यांची वजने ओतणारे, जुन्या विद्युत्‌घटांतील शिसे काढून वितळविणारे लोक आजही हे काम करतात. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूवर होणारा त्याचा परिणाम भरून निघत नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. यातील मोठा धोका मळीत आहे. ती वाळली की तिची भुकटी होते. ती हाताला, कपड्यांना लागते आणि स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. दुसरा धोका पाण्याचा. रसात ओला तुकडा पडला तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन तिचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढते, आणि रस अंगावर उडतो.

हे ज्यांना सांगावयाचे त्यांच्यासाठी ‘शिसे-विषाक्तता’, ‘धातुमल’, ‘द्रवणांक’ या शब्दांत पत्रके निघाली तर ती वाचली जातील, परंतु उमगणार नाहीत. ‘मळी हाताने काढू नये’, ‘ज्या भांड्यात शिसे आटविले त्यात पुन्हा अन्न शिजवू नये’, ‘ओला तुकडा रसात टाकू नये’, ही वाक्ये त्यांच्या कामाच्या भाषेतील आहेत. परिभाषेने होणाऱ्या घोटाळ्याचे उदाहरणही समोरच आहे. मराठीत ‘शिसपेन्सिल’ हा शब्द रूढ आहे. तिच्यातील काळी कांडी ग्राफाइटची, म्हणजे कार्बनची असते. पूर्वी त्या द्रव्यास शिशाचा प्रकार समजत, आणि ती समजूत शब्दात राहून गेली. पेन्सिलीचे टोक चघळणाऱ्या मुलाला शिशाची भीती घालणारे घर मळीच्या डब्याकडे निःशंकपणे पाहते, असे घडू शकते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रीय अभ्यासासाठी विषय शोधताना या लहान धंद्यांकडे अवश्य वळावे. नामांबरोबर क्रियापदे टिपावी, कारण कृतीचे ज्ञान क्रियापदात असते. साधनाचे नाव विचारताना ते साधन हाताळले कसे जाते हेही पाहावे. आणि जमविलेले शब्द परिभाषा तयार करणाऱ्यांपर्यंत पोहोचवावे. पुस्तकी संज्ञा व कारागिराचा शब्द यांत निवड करण्याचा प्रसंग येईल, तेव्हा चूक झाल्यास तिचा भार कोणाच्या अंगावर पडणार आहे, हा प्रश्न कोशकाराने प्रथम विचारावा.